यादीतले नाव संगणकाला का सापडत नाही?

या स्मरणिकेच्या अखेरीस माजी विद्यार्थ्यांची तुकडीनिहाय यादी जोडली आहे. ती सिद्ध करण्याचे काम समितीने आमच्याकडे सोपविले, तेव्हा ते पंधरा-वीस दिवसांचे असावे अशी आमची समजूत होती. जुनी दाखल-खारीज रजिस्टरे कपाटात होती. मधल्या वर्षांत निरनिराळ्या हातांनी संगणकावर चढविलेल्या याद्या होत्या. अलीकडच्या तुकड्यांची नावे तर ऑनलाइन अर्जांतूनच आलेली होती. सगळे एका डेटाबेसमध्ये घालावे, वर्णानुक्रमे लावावे आणि छापखान्याकडे धाडावे, एवढेच काम दिसत होते. त्यात सबंध पावसाळा गेला.

सुरुवातीलाच अकोल्याहून एक ज्येष्ठ माजी विद्यार्थी भेटीस आले. आडनाव वऱ्हाडे. आम्ही मोठ्या उत्साहाने ते शोधाच्या चौकटीत टाइप केले आणि उत्तर आले : नोंद आढळली नाही. मग त्यांच्या तुकडीची यादी उघडून पडद्यावर सरकवीत गेलो, तर नाव समोर होते. अक्षरे तीच, मात्रा त्याच. ते हसून म्हणाले, "भाऊ, मी तं इथंच आहो ना." ते आमच्या शेजारी बसलेले होते म्हणून प्रश्न हसण्यावारी गेला. पण दाखल्यासाठी, शिष्यवृत्तीसाठी वा निवृत्तिवेतनाच्या कागदासाठी कोणा खिडकीपुढे उभ्या असलेल्या माणसाला असेच उत्तर मिळाले, तर पडदा फिरवून यादी सरकवून पाहण्याची तसदी कोण घेणार? तेव्हापासून या विषयाच्या मुळाशी जाण्याचा आम्ही यत्न केला. जे समजले ते, संगणकाचे शिक्षण न घेतलेल्या वाचकांनाही कळावे अशा रीतीने, येथे मांडत आहोत.

संगणकाला अक्षर कळत नाही, अंक कळतो. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो, आणि कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक याचा जो ठराव, त्याला एन्कोडिंग म्हणतात. आपण त्यास संकेत म्हणू. अमेरिकेत १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या आस्की या संकेतात १२८ जागा होत्या. इंग्रजी अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि काही यांत्रिक खुणा एवढ्यांना त्या पुरल्या. संगणकाच्या एका बाइटमध्ये २५६ क्रमांक मावतात, तेव्हा उरलेल्या १२८ जागा ज्याने त्याने आपापल्या गरजेप्रमाणे वापरल्या. पश्चिम युरोपने तेथे आपली टोपीवाली, टिंबवाली अक्षरे बसविली. भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली इस्की हे मानक प्रसृत केले; त्यात त्याच जागी आपल्या लिप्यांची अक्षरे होती. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने त्यावर आधारलेली साधने देशभर नेली.

अडचण अशी की, बाइट स्वतःबरोबर आपला संकेत घेऊन हिंडत नाही. जिनिंगमधून बाहेर पडलेल्या गाठीवर मार्का नसेल, तर आत कोणत्या प्रतीचा कापूस आहे ते बाहेरून सांगता येत नाही, तसेच हे. तोच क्रमांक इस्कीच्या मार्क्याने वाचला तर मराठी अक्षर दिसते, युरोपच्या मार्क्याने वाचला तर फ्रेंच. मार्का हरवला की माल तोच असूनही ओळख बदलते.

त्यातच आपल्याकडे फॉन्टांचे युग आले. १९९० नंतर अमरावती-अकोल्यातल्या डीटीपीच्या दुकानांत ज्यांनी लग्नपत्रिका, पावती पुस्तके वा जयंतीची पत्रके छापून घेतली असतील, त्यांना श्रीलिपी, आकृती, कृतिदेव ही नावे आठवतील. या फॉन्टांनी मराठी छपाईची फार मोठी सोय केली, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्यांची युक्ती अशी होती की, संगणकाला रोमन अक्षरेच दिली जात आणि पडद्यावर त्यांच्या जागी देवनागरीचे तुकडे रंगविले जात. कृतिदेवात 'भारत' हा शब्द साठविला जातो तो एच-के-के-जे-आर या पाच रोमन अक्षरांच्या रूपाने. कागदावर छापून घेण्यापुरते हे ठीक. पण हीच अक्षरे नावांच्या डेटाबेसमध्ये गेली की घोटाळा होतो, कारण डेटाबेस त्यांना इंग्रजी समजूनच वागवतो. इंग्रजीत मोठी आणि लहान लिपी हा भेद शोधताना सहसा मानला जात नाही. कृतिदेवात मात्र मोठा एच म्हणजे अर्धा 'भ' आणि लहान एच म्हणजे दीर्घ वेलांटी! एखाद्या सज्जन कारकुनाने यादी नीटनेटकी दिसावी म्हणून प्रत्येक नावाचे पहिले अक्षर मोठे करण्याची आज्ञा दिली, की 'रमेश'मधील 'र'चा 'श्र' होतो. आम्हांस मिळालेल्या जुन्या याद्यांपैकी दोन अशा होत्या. फॉन्ट ओळखून त्या रूपांतरित करता आल्या, पण प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालावी लागली.

यावरचा उपाय म्हणून युनिकोड आला. त्याची पहिली आवृत्ती १९९१ची. जगातील सर्व लिप्यांना एकाच क्रमांकमालिकेत जागा द्यावयाची, म्हणजे कोणाची जागा कोणी बळकावणार नाही, ही त्यामागील कल्पना. देवनागरीला त्यात २३०४ ते २४३१ या १२८ जागा मिळाल्या, आणि त्यांची मांडणी बव्हंशी इस्कीवरूनच घेतली गेली. एवढे मोठे क्रमांक एका बाइटमध्ये मावत नाहीत, म्हणून ते बाइटांत कसे उतरवायचे याचीही रीत लागते. आज सर्वत्र रूढ असलेली रीत यूटीएफ-८. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी ती १९९२ साली रचली. तीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. मात्रा, हलन्त, अनुस्वार हीही स्वतंत्र चिन्हेच. 'सिद्धार्थ' हे नाव आपल्या दृष्टीने तीन अक्षरांचे. संगणकाच्या दृष्टीने ती नऊ चिन्हे आणि सत्तावीस बाइट होतात. इंग्रजी नावे डोळ्यांपुढे ठेवून कोणी नावाच्या रकान्याला वीस बाइटांची मर्यादा घातली असेल, तर तेथे 'सिद्धा' एवढेच उरते आणि शेवटी एक मोडका ठोकळा दिसतो. भारत सरकारने नोव्हेंबर २००९ मध्ये युनिकोड हे ई-प्रशासनाचे अधिकृत मानक ठरविले. त्यानंतर हा प्रश्न संपला असे पुष्कळांना वाटले. आम्हांसही वाटत होते.

युनिकोडमध्ये टाइप केले म्हणजे काम झाले, असे नसते. नाव टाइप होते तो अर्ज, अर्जाकडून डेटाबेसकडे जाणारी जोडणी, डेटाबेसमधील तक्ता आणि शेवटी दिसणारे पान, या चारही ठिकाणी संकेताची घोषणा एकच असावी लागते. मायएसक्यूएल हा पुष्कळ संकेतस्थळांमागे असणारा डेटाबेस. २०१८ साली त्याची ८.० ही आवृत्ती येईपर्यंत, कोणी मुद्दाम वेगळे सांगितले नाही तर तो पश्चिम युरोपचा संकेत आणि स्वीडिश वर्णक्रम धरून चालत असे, कारण तो घडविणारी कंपनी स्वीडनची. वऱ्हाडातली आडनावे स्वीडनच्या रिवाजाने रांगेत उभी केली जात होती, आणि कोणाच्या ध्यानीही येत नव्हते.

ध्यानी का येत नव्हते, हे पाहण्यासारखे आहे. जोडणी म्हणते, 'हे युरोपीय बाइट आहेत'. तक्ताही म्हणतो, 'होय, युरोपीयच'. दोघेही चुकलेले, पण एकाच दिशेने चुकलेले. म्हणून बाइट जसेच्या तसे आत जातात, तसेच बाहेर येतात आणि पानावर मराठी स्वच्छ दिसते. दोन चुका एकमेकींना झाकून वर्षानुवर्षे सुखाने नांदतात. नवा संगणक येतो, कोणी जाणकार जोडणी दुरुस्त करतो, आणि त्या दिवशी सगळी यादी विद्रूप होते. तिरपा फराटा असलेला रोमन ए, त्यापुढे चार काटे फुटलेले वर्तुळ, मग आणखी काहीतरी, अशी तीन-तीन चिन्हांची माळ दिसू लागते. या माळेतही एक नियम आहे. दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा वा हलन्त आला की वर्तुळाच्या जागी जपानी येनचे चिन्ह उमटते. म्हणून 'गवई'मध्ये एकही येन नाही आणि 'वानखडे'मध्ये शेवटच्या मात्रेमुळे एक आहे. आमच्यातल्या एका बाईंना हे वाचण्याचा इतका सराव झाला की, त्या येन मोजून आडनाव ओळखू लागल्या. अशी बिघडलेली यादी बाहेरून भयंकर दिसते, पण तिच्यात मूळ बाइट शाबूत असतात. योग्य मार्का लावला की नावे परत येतात.

आता त्या वऱ्हाडे आडनावाकडे वळू. 'वऱ्हाड' या शब्दातला अर्धा 'र' रफारासारखा डोक्यावर जात नाही; पापणीसारखा आडवा राहतो. हिंदीला त्याची गरज पडत नाही, मराठीचे त्याच्यावाचून चालत नाही. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा. आपल्या जिल्ह्यातल्या दर्यापूरचा 'र' डोक्यावर आहे. कुऱ्ह्याचा आडवा आहे. युनिकोडमध्ये हा आडवा 'र' लिहिण्याच्या एकाहून अधिक रीती आहेत. एक, नुक्त्याचा 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह घेऊन त्याला हलन्त जोडणे. दुसरी, साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडक. याला रुंदीच नसते, पडद्यावर काहीही दिसत नाही, पण साठवणीत ते एक चिन्ह म्हणून हजर असते. ही रीत जुन्या मजकुराशी मेळ राहावा म्हणून मान्य ठेवली गेली. तिसरी, साधा 'र' आणि सुटा नुक्ता. तिन्ही रीतींनी कागदावर उमटतो तो शब्द एकच. संगणकापुढे मात्र पहिल्या रीतीचे 'वऱ्हाडे' सात चिन्हांचे, म्हणजे एकवीस बाइटांचे. दुसऱ्या रीतीचे आठ चिन्हांचे, चोवीस बाइटांचे. एकवीस आणि चोवीस समान नाहीत, म्हणून नोंद आढळली नाही.

कोणती रीत उमटेल हे टाइप करणाऱ्याच्या कळफलकावर ठरते. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह जे ही कळ दाबली की 'ऱ' मिळतो. उच्चाराप्रमाणे टाइप करण्याची काही साधने अदृश्य जोडक घालतात. अकोल्याच्या त्या गृहस्थांचे नाव ज्याने चढविले त्याचा कळफलक एक, आमचा दुसरा. एवढ्याने एक माणूस यादीतून नाहीसा झाला. ज्या प्रदेशाचे नावच असे द्विरूप आहे, तेथल्या प्रत्येक कार्यालयाने ही गोष्ट जाणून घ्यावयास हवी, असे आम्हांस तीव्रतेने वाटते. वऱ्हाडे, कुऱ्हाडे, गोऱ्हे, कऱ्हाळे ही आडनावे आपल्याकडे काही दुर्मीळ नाहीत.

यावर युनिकोडने प्रमाणीकरणाचा नियम दिला आहे. तो लावला की पहिली आणि तिसरी रीत एक होतात. अदृश्य जोडकाची दुसरी रीत तशीच वेगळी राहते. तिच्यासाठी आपणच आज्ञा लिहावी लागते. काहींनी आम्हांस सुचविले की तुलनेचा नियमच सैल करावा, म्हणजे नुक्ता आणि जोडक यांकडे डेटाबेस दुर्लक्ष करील. तसे करून पाहिले. वऱ्हाडे सापडले खरे, परंतु मग 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला भेदही मिटला. निवासी शाळेत शिकविणारे आणि रांधणारे दोघेही तितकेच आदरणीय असले, तरी वेतनपत्रकात ते एक होऊन चालत नाही! शेवटी आम्ही साठवताना एकच रीत, पहिली, ठरविली आणि शोधाच्या चौकटीत येणारे नावही आधी त्याच रीतीत बदलून घेण्याची सोय केली. 'ॲड.' लिहिताना लागणाऱ्या 'ॲ'चेही असेच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी कोणी 'अ'वर चंद्र देत, कोणी हिंदीतला 'ऍ' वापरीत, आणि दोन्ही सवयी आजही चालू आहेत. आमच्या वकील माजी विद्यार्थ्यांची नावे त्यामुळे तीन ठिकाणी विखुरलेली होती.

नावे सापडली तरी ती क्रमाने लावणे उरतेच. येथे लोकेल ही दुसरी कल्पना येते. कोणत्या भाषेचा, कोणत्या मुलखाचा रिवाज पाळायचा याची ती नोंद. अक्षरांचा क्रम, तारखेची मांडणी, अंकांची लेखनपद्धती तिच्यावरून ठरते. लोकेल दिलेले नसेल तर संगणक केवळ क्रमांकांप्रमाणे लावतो, आणि युनिकोडच्या मांडणीत 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे, 'व'च्या आधी बसलेला आहे. त्यामुळे आमच्या पहिल्या प्रतीत वाघमारे, वानखडे, वाळके, वासनिक असा क्रम आला. मराठी बाराखडी पाठ असलेल्या कोणालाही तो खटकेल, कारण आपल्याकडे 'ळ' 'ह'नंतर येतो. पाली शिकलेल्या वाचकांना आणखी एक गोष्ट आठवेल : कच्चायनाच्या व्याकरणातील एकेचाळीस वर्णांतही 'ळ'चे स्थान 'ह'नंतरच आहे. मराठीचे लोकेल निवडताच वासनिक वर गेले आणि वाळके खाली आले.

पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये सबंध डेटाबेसची मूळ निवड तो निर्माण करतानाच करावी लागते. मागाहून ती बदलता येत नाही, नवा डेटाबेस करून सर्व माल त्यात हलवावा लागतो. काही सांगितले नाही तर ज्या संगणकावर तो बसविला त्याचा रिवाज तो उचलतो. संकेत एक आणि लोकेल दुसऱ्याच संकेताचे, असे सांगितले तर तो बहुधा तेथेच अडवतो, आणि हे चांगलेच आहे. परंतु एसक्यूएल-आस्की नावाची एक निवड त्यात आहे. ती केली की तो कोणतीच तपासणी न करता येतील ते बाइट पोटात घेतो. एकाच रकान्यात इस्की, फॉन्टचे रोमन आणि युनिकोड सुखेनैव राहू शकतात, आणि कोणती ओळ कोणत्या संकेतात हे पुढे कोणालाच सांगता येत नाही. घाईत काम उरकणाऱ्यांना ही निवड फार आवडते. आमच्या मते तिच्यासारखी घातक सोय दुसरी नाही.

तारखांचा घोटाळा अक्षरांचा नसून निव्वळ लोकेलचा आहे, आणि तो अधिक फसवा आहे. अमेरिकी रिवाजात महिना आधी, दिवस नंतर. तसे लोकेल असलेल्या संगणकात १४/१०/१९५६ ही धम्मचक्र प्रवर्तनाची तारीख घातली, तर चौदावा महिना नसल्याने संगणक ती तारीख म्हणून स्वीकारत नाही. चूक निदान दिसते. पण बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाची ०६/१२/१९५६ ही तारीख तो निमूटपणे १२ जून करून टाकतो. आपल्या जुन्या रजिस्टरांत जन्मतारखा कशा पडल्या आहेत, हे ज्येष्ठांना सांगावयास नको. जन्माची नोंद घरी नसे; गुरुजी शाळेत घालताना १ जून नाहीतर १ जुलै टाकीत. ०१/०७/१९६८ ही तारीख अशा संगणकात ७ जानेवारी होते, आणि निवृत्तीच्या वेळी दाखला व सेवापुस्तक यांचा मेळ बसत नाही. म्हणून आम्ही यादीत महिना अक्षरांनीच लिहिला आहे.

येथवर सांगितलेले दोष श्रम घेतले तर निस्तरता येणारे होते. एक दोष मात्र तसा नव्हता. जोडणी खरा युनिकोड पाठवते आणि तक्ता युरोपीय संकेताचा असतो, तेव्हा डेटाबेस प्रत्येक देवनागरी चिन्ह आपल्या संकेतात शोधतो, ते सापडत नाही, आणि त्या जागी प्रश्नचिन्ह लिहितो. ते केवळ दिसण्यापुरते नसते. साठवणीतच प्रश्नचिन्ह जाते. मूळ बाइट कोठेच उरत नाहीत. आम्हांस मिळालेल्या एका जुन्या डिस्कवर एका तुकडीची संपूर्ण यादी अशी होती : ओळीमागून ओळ, नुसती प्रश्नचिन्हे. उरली होती ती फक्त संख्या. सहा प्रश्नचिन्हे म्हणजे वानखडे असतील, तीन म्हणजे गवई असतील, असे अंदाज आम्ही करीत बसलो. पाच आली की थांबावे लागे, कारण तायडेही पाच चिन्हांचे आणि इंगळेही पाचच.

मग मूळ रजिस्टर काढले आणि त्या तुकडीची नावे हाताने उतरवून घेतली. शाई फिकटली असली तरी जुन्या लेखनिकांचे अक्षर वळणदार होते; आडवा 'र' तर त्यांनी फार सुरेख काढला आहे. एका पानाच्या खालच्या कोपऱ्यास ओल लागून तीन ओळी विरघळल्या आहेत. छापील यादीत त्या तुकडीच्या अखेरीस तीन जागा रिकाम्या ठेवल्या आहेत. त्या तुकडीतील ज्या कोणाला आपल्या शेवटच्या बाकावरचे सोबती आठवत असतील, त्यांनी ती नावे कागदावर लिहून शाळेच्या कार्यालयात पोहोचती करावीत, ही विनंती.